मनगटावरचा मोजणीदार

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शनिशिंगणापूरचा फाटा जेथे फुटतो त्या घोडेगावात जनावरांचा बाजार आहे, कांद्याचा मोठा लिलाव आहे, घोडेश्वरी देवीचे देऊळ आहे. गोल्फचे मैदान मात्र नाही, आणि नजीकच्या काळात ते होईल अशी भीती बाळगण्याचेही काही कारण दिसत नाही. तरीही गोल्फ खेळताना मनगटावर बांधावयाचे जीपीएसचे घड्याळ कसे पारखून घ्यावे, हा प्रश्न या गावी बसून विचारात घेणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये. या पंचक्रोशीतली मुले सैन्यात, पुण्यामुंबईच्या कंपन्यांत आणि साता समुद्रापलीकडे पोहोचली आहेत, आणि साहेबांच्या संगतीने म्हणा किंवा स्वतःच साहेब होऊन म्हणा, त्यांपैकी काहींना या खेळाची गोडी लागली आहे, हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक वजनदार आहे. उपग्रहाच्या साहाय्याने भूमी मोजणे म्हणजे काय, हे शहरातल्या हौशी खेळाडूने केवळ जाहिरातीत वाचलेले असते. येथील शेतकऱ्याने ते आपल्या बांधावर उभे राहून, शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे एक डोळा ठेवून, प्रत्यक्ष पाहिलेले असते.

पूर्वी मोजणीदार येई तो साखळी, शंकू आणि प्लेन टेबल घेऊन. ती साखळी 33 फुटांची आणि तिचे आणे सोळा. साखळीभर लांब व साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलाची नवी मोजणी व जमाबंदी 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अंमलदारांनी आपल्या शेजारच्याच पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून सुरू केली, आणि तिच्या वंशातले नकाशे भूमी अभिलेख कार्यालयाच्या दप्तरांत अद्याप नांदत आहेत. आज भूकरमापक येतो तो उंच दांड्यावर तबकडी बसवलेले रोव्हर नावाचे यंत्र घेऊन. दांडा जमिनीवर टेकवून तो थोडा वेळ स्तब्ध उभा राहतो आणि हद्दीची खूण कोठे पडते ते बोटा-दोन बोटांच्या फरकाने सांगतो. तथापि ज्याने अशी मोजणी एकदा करवून घेतली आहे त्याला हेही पक्के ठाऊक असते की, तंटा यंत्रामुळे उद्भवत नाही आणि यंत्रामुळे मिटतही नाही. तो उद्भवतो दप्तरातील नकाशामुळे. जागेवरचा बांध एक सांगतो, पोटहिश्शांच्या फाळणीबाराचा कागद दुसरे सांगतो, आणि बिचारे रोव्हर तर केवळ आपण कोठे उभे आहोत एवढेच सांगत असते. गोल्फच्या घड्याळाविषयी मला जे म्हणावयाचे आहे त्याचे बहुतेक सार या अनुभवात आलेच आहे. गिऱ्हाईक दुकानात जाऊन उपग्रहांविषयी विचारते. त्याने विचारावयास हवे ते नकाशाविषयी.

हा खेळ आपल्याकडे आला तो छावण्यांच्या आणि गोऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटेने. ब्रिटिश बेटांबाहेरचा पहिला गोल्फ क्लब 1829 साली कलकत्त्यास निघाला, आणि 1842 मध्ये मुंबईस दुसरा. महाराष्ट्रात त्याच्या खुणा कधी खेळाच्या रूपाने उरल्या, तर कधी केवळ नावाच्या रूपाने. नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे अशा नावाचे उत्तम उदाहरण होय: कलेक्टर जॅक्सनचा वध करणाऱ्या क्रांतिकारकाचे नाव त्याला रीतसर दिले गेले, तेथे रणजी करंडकाचे सामने झाले, सकाळी निम्मे शहर तेथे फेऱ्या मारते, आणि इतके होऊनही रिक्षावाल्याला सांगताना नाशिककर त्याला ‘गोल्फ क्लब’ असेच म्हणतो. खेळ प्रत्यक्ष चालू असलेली ठिकाणे म्हणजे पूना क्लबचे येरवड्याचे मैदान, चेंबूरचा 1927 सालचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, छावण्यांतील लष्करी मैदाने, आणि खारघरच्या डोंगरपायथ्याशी सिडकोने उभारलेले, सभासदत्वाचा दाखला न मागणारे मैदान. पुण्याचा उदयन माने 2021 मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला, तेव्हा हा खेळ मराठी नावाला सर्वस्वी परका राहिलेला नाही हे वर्तमानपत्रांच्याही ध्यानात आले.

खेळाचा गाभा पाहिला तर तो अंतराचा हिशेब आहे. 45.93 ग्रॅमहून अधिक वजनाचा नसलेला एक चेंडू, शे-दोनशे, तीनशे, कधी पाचशे यार्ड दूर असलेल्या सव्वाचार इंच व्यासाच्या भोकात कमीत कमी टोल्यांत घालावयाचा. त्यासाठी थैलीत जास्तीत जास्त चौदा काठ्या बाळगण्याची मुभा. आणि प्रत्येक काठीचा पल्ला निराळा. लागोपाठच्या दोन लोखंडी काठ्यांच्या पल्ल्यांत सर्वसाधारण खेळाडूच्या हाती दहा ते पंधरा यार्डांचे अंतर असते. यार्ड म्हणजे आपला जुना वार, 0.9144 मीटर. तेव्हा ‘येथून भोकात रोवलेला झेंडा किती दूर?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज थैलीत हात घालण्यात अर्थ नसतो. हे उत्तर आजवर थैली वाहणारा कॅडी देत आला. मैदानालगतच्या वस्तीत लहानाचा मोठा झालेला कॅडी कोणत्या झाडापासून किती यार्ड, पावसाळ्यानंतर उतारावरून चेंडू किती घरंगळतो, दुपारचा वारा कोणत्या बाजूने फिरतो, हे सारे तोंडपाठ बाळगून असतो, आणि शिवाय साहेबांच्या हातात आज किती जोर आहे हेही त्याला साहेबांपेक्षा अधिक अचूक कळते. घड्याळ त्याच्या ज्ञानाचा पहिला भाग तेवढा हिरावून घेते. बाकीचे ज्ञान अद्याप त्याच्यापाशीच आहे, आणि ते घड्याळाच्या किमतीच्या मानाने फारच स्वस्तात मिळते.

आता हे घड्याळ स्वतःचे स्थान जाणते तरी कसे, ते पाहू. कारण विक्रेत्यांची बहुतेक वाक्पटुता या एकाच मुद्द्याभोवती घुटमळते. अमेरिकेच्या जीपीएस मालिकेतील पहिला उपग्रह 1978 मध्ये सोडला गेला व 1995 मध्ये ती यंत्रणा पूर्णत्वाने सिद्ध झाल्याचे जाहीर झाले. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह दिवसातून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा करतात आणि सतत एकच गोष्ट उद्घोषित करीत राहतात: मी अमुक, मी अमुक जागी आहे, आणि माझ्या घड्याळात आता अमुक वेळ झाली आहे. ती हाक भूमीवर पोहोचावयास सेकंदाचा सुमारे पंधरावा हिस्सा लागतो. निघण्याची वेळ व पोहोचण्याची वेळ यांतील फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की त्या उपग्रहापासूनचे अंतर निघते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की जागा निश्चित होते. व्यवहारात मात्र चौथा लागतो. उपग्रहावर अणुघड्याळे असतात आणि मनगटावर साधा क्वार्ट्झचा स्फटिक. सेकंदाच्या दहालाखाव्या भागाइतकी चूक झाली तरी अंतरात तीनशे मीटरांचा घोटाळा होतो, म्हणून मनगटावरच्या घड्याळाची चूक हेच चौथे अज्ञात धरून चौथ्या उपग्रहाच्या साक्षीने ते सोडवून घ्यावे लागते. वर असलेली अणुघड्याळेही आइन्स्टाइनच्या नियमांतून सुटलेली नाहीत: वेगामुळे ती किंचित मंद चालतात, गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे बरीच शीघ्र चालतात, आणि वजाबाकी होऊन दररोज 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती आधीच करून ठेवली नसती तर दिवसाकाठी सुमारे अकरा किलोमीटरांची चूक साचली असती, आणि येरवड्याच्या खेळाडूला त्याचा चेंडू हडपसरपलीकडे दिसला असता.

मुलकी उपयोगासाठी दिल्या जाणाऱ्या या हाकेत अमेरिकन लष्कराने 2000 सालापर्यंत हेतुपुरस्सर अशुद्धता मिसळलेली होती. त्या काळी सामान्य यंत्राची चूक शंभर मीटरांपर्यंत जाई. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या आरंभी ती मिसळ थांबवण्यात आली. त्याअगोदर असे घड्याळ कोणी बांधले असते तर शेजारच्या होलच्या, म्हणजे भोकाच्या, झेंड्याकडेही बोट दाखवून ते मोकळे झाले असते. आज मोकळ्या आकाशाखाली साध्या यंत्राची चूक साधारणतः पाच मीटरांच्या आत राहते, आणि गोल्फचे मैदान हे मोकळ्या आकाशाचे आदर्श उदाहरण होय. उंच इमारतींच्या भिंतींवर आपटून परत येणाऱ्या लहरींचा जो उपद्रव मुंबईच्या गल्लीत होतो तो येथे जवळजवळ नसतो.

मग भूकरमापकाचे रोव्हर बोटाच्या फरकाने सांगते आणि घड्याळ पाच मीटरांवरच का थांबते? उत्तर मापाच्या पट्टीत आहे. उपग्रहाच्या लहरीवर एक सांकेतिक माला कोरलेली असते व तिचा प्रत्येक घटक अवकाशात सुमारे 293 मीटर लांबीचा पडतो. साधे यंत्र त्या घटकाचा शतांश वाचू शकले तरी ते तीन मीटरांपर्यंतच येते. रोव्हर त्या मालेच्या खाली असलेली मूळ लहरच मोजते. तिची लांबी अवघी 19 सेंटिमीटर, तेव्हा तिचा शतांश दोन मिलिमीटर होतो. अर्थात अशा किती लहरी मध्ये उलटल्या याचा हिशेब एकट्या यंत्राला करता येत नाही. त्याला ज्याचे स्थान आधीच काटेकोर ठरलेले आहे अशा स्थिर ठाण्याची सतत साथ लागते. महाराष्ट्रात भारतीय सर्वेक्षण विभाग व भूमी अभिलेख विभाग यांनी अशी 77 ठाणी उभी केली आहेत, आणि बांधावरचे रोव्हर मोबाइलच्या जाळ्यातून त्यांच्याशी बोलत असते. मनगटावर ना तेवढी मोठी तबकडी मावते, ना ती साथ असते. त्याची गरजही नसते, हे मात्र विक्रेता सांगत नाही. पाच मीटरांची, म्हणजे जास्तीत जास्त सहा यार्डांची, चूक एका काठीच्या फरकाच्या सुमारे निम्मी आहे. आणि ज्याच्या सात नंबरच्या काठीचे लागोपाठचे दहा टोले वीस-वीस यार्डांच्या फरकाने पडतात, त्याने घड्याळाच्या दोन मीटरांसाठी दुप्पट रक्कम मोजणे म्हणजे शेताची हद्द ठाऊक नसताना बांधाच्या रुंदीवरून भांडणे होय.

येथे ‘मल्टिबँड’ किंवा ‘दुहेरी वारंवारिता’ म्हणून जो गुण मिरवला जातो त्याविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण तो खोटा नाही आणि भारतात तर तो विशेष खरा आहे. उपग्रहाची हाक खाली येताना आयनांबर नावाच्या विद्युद्भारित थरातून येते व त्यात ती रेंगाळते. हा थर भूचुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना, सुमारे पंधरा अंशांवर, फार दाट होतो. आपल्याकडे ते विषुववृत्त द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळून जाते, आणि दाटीचा उत्तरेकडील कणा गुजरात-मध्य प्रदेशाच्या अक्षांशांवर पडतो. म्हणजे महाराष्ट्र त्याच्या उतरणीवर वसलेला आहे. दुपारनंतर व सौरडागांच्या भरतीच्या वर्षांत हा विलंब वाढतो. एकाच वारंवारितेचे यंत्र एका सर्वसाधारण सूत्राच्या आधारे त्यातला सुमारे निम्मा भाग वजा करते. दोन वारंवारिता ऐकणारे यंत्र दोन्ही हाकांच्या पोहोचण्यातील फरकावरून तो विलंब स्वतःच काढते, कारण कमी वारंवारितेची लहर अधिक रेंगाळते. भूचुंबकत्वाच्या या विद्येचे एक जुने घर आपल्याच कोकणात आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसूचींना त्यांचा त्रास होणार म्हणून ते काम अलिबागेस नेण्यात आले; 1904 पासून ती वेधशाळा तेथे आहे, आणि जिच्याकडे तिचा कारभार आहे ती भारतीय भूचुंबकत्व संस्था आज पनवेलला, म्हणजे खारघरच्या गोल्फ मैदानापासून हाकेच्या नव्हे तरी थोड्या प्रवासाच्या अंतरावर आहे. असो. ज्याला दुपारी खेळावे लागते आणि ज्याच्या खिशाला झळ बसत नाही त्याने दुहेरी वारंवारिता खुशाल घ्यावी. सकाळी सहाला टी-वर, म्हणजे पहिल्या टोल्याच्या जागी, उभे राहणाऱ्या निवृत्त गृहस्थाला तिच्यावाचून काही अडत नाही. तसेच ‘नाविक’ या स्वदेशी यंत्रणेचे नाव पेटीवर असेल तर अभिमान वाटू द्यावा. 2023 च्या मे महिन्यात सोडलेल्या एनव्हीएस-01 या उपग्रहापासून तिने जीपीएसच्या परिचित वारंवारितेवरही बोलण्यास आरंभ केला आहे, त्यामुळे लहान यंत्रांना तिचे ऐकणे सोपे झाले. पण गोल्फचे घड्याळ तेवढ्यासाठी निवडू नये.

नकाशाकडे वळू. घड्याळाला स्वतःची जागा समजली, तरी ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ, कोठे आहे हे त्याला आकाशातून कोणी सांगत नाही. ते त्याच्या पोटातील नकाशात लिहिलेले असते. गार्मिन कंपनी आपल्या घड्याळांत जगातील चाळीस हजारांहून अधिक मैदाने भरलेली असल्याचे सांगते. बुशनेल, शॉट स्कोप इत्यादींचेही असेच मोठे आकडे आहेत. आकडा मोठा आहे म्हणून आपले मैदान त्यात आहेच असे नाही, आणि आहे म्हणून बरोबर आहे असेही नाही. हे नकाशे बहुधा उपग्रहचित्रांवरून कार्यालयात बसून आखले जातात. एखाद्या क्लबाने ग्रीन हलवली, बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, बुजवला, नऊ होलांचे मैदान वाढवले किंवा चिखलामुळे पावसाळ्यापुरती तात्पुरती ग्रीन अलीकडे आणली, तर त्याची नोंद नकाशात येईपर्यंत घड्याळ अत्यंत आत्मविश्वासाने जुन्या जागेचे अंतर सांगत राहते. आपल्या तलाठी कार्यालयातील फेरफाराप्रमाणे येथेही नोंद जागेच्या मागून चालते. म्हणून घड्याळ घेण्यापूर्वी त्या कंपनीच्या यादीत आपण खरोखर खेळतो ती दोन-तीन मैदाने शोधावीत, त्यांच्या होलांची संख्या जुळते की नाही ते पाहावे, नकाशा सुधारून घेण्याची सोय फुकट आहे की सालाना वर्गणीची, हे विचारावे, आणि चूक कळवली तर दुरुस्ती करणारे कोणी आहे की नाही याचीही चौकशी करावी. छावणीतील मैदानावर खेळणाऱ्याने तर ही चौकशी सर्वांआधी करावी. आणि असे यंत्र आत नेण्यास तेथील नियमांची हरकत नाही ना, हेही त्याच श्वासात विचारून घ्यावे.

नकाशात काय काय दाखवले आहे हाही प्रश्न आहे. कल्पना करा की चार टोल्यांच्या होलवर पहिला टोला बरा पडला आहे आणि आपण फेअरवेच्या, म्हणजे टी व ग्रीन यांमधील कातरलेल्या पट्ट्याच्या, मध्यावर उभे आहोत. साध्या घड्याळाच्या तबकडीवर तीन आकडे दिसतात: मधला मोठा 142, वर लहान 157, खाली लहान 128. मधला आकडा ग्रीनच्या मध्यापर्यंतचा, वरचा मागच्या कडेपर्यंतचा, खालचा पुढच्या कडेपर्यंतचा. म्हणजे ग्रीन 29 यार्ड खोल आहे. झेंडा आज पुढे रोवलेला दिसतो आणि त्याच्या अलीकडे बंकर तोंड वासून आहे. झेंड्याचे भोक रोज सकाळी माळी बदलतो. ते आज कोठे आहे हे घड्याळाला ठाऊक नसते, फार तर आपण बोटाने त्याला सांगू शकतो. तेव्हा शहाणा खेळाडू झेंड्याचे अंतर मनातून काढून टाकतो आणि 142 यार्डांची काठी उचलतो: थोडी कमी लागली तरी चेंडू 128 च्या पलीकडे पडतो, थोडी जास्त लागली तरी 157 च्या आत राहतो. हे तीन आकडे ज्या घड्याळात स्पष्ट दिसतात त्याने आपले नव्वद टक्के काम केले असे मी समजतो. त्यापुढे बंकरापर्यंतचे व पाण्यापलीकडचे अंतर दिले तर उपयुक्त. होलचे रंगीत चित्र दिले तर शोभिवंत. ग्रीनच्या चढउतारांचे बाण वर्गणी भरून मिळत असतील, तर ज्याला तीन टोल्यांत चेंडू भोकात घालता येत नाही त्याने ती वर्गणी शिकवणीकडे वळवावी. झेंड्यापर्यंतचेच अंतर हवे असेल त्याच्यासाठी लेसरची दुर्बीण आहे. ती यार्डभराच्या फरकाने सांगते, परंतु झेंडा दिसला पाहिजे, हात स्थिर पाहिजे, आणि टेकाडाआडच्या ग्रीनपुढे ती निरुत्तर होते. घड्याळाला काही दिसावे लागत नाही, हाच त्याचा खरा अधिकार.

नियमांचे एक कलम गिऱ्हाइकाने मुखोद्गत करावे. 2019 च्या नियमावलीतील 4.3 या नियमाप्रमाणे अंतर सांगणारे साधन वापरण्यास सर्वसाधारण परवानगी आहे. स्पर्धा भरवणारी समिती स्थानिक नियम करून ती काढून घेऊ शकते. परंतु भूमीची चढउतार मोजणे, किंवा अमुक ठिकाणाहून अमुक काठी घे असा सल्ला यंत्राकडून घेणे, यास मनाई आहे. पहिल्या उल्लंघनास टोल्यांच्या खेळात दोन टोल्यांचा दंड, दुसऱ्यास बाद. महागड्या घड्याळांत नेमके हेच दोन गुण सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. क्लबाच्या स्पर्धांत भाग घेणाऱ्याने ते बंद करण्याची सोय आहे, आणि ते बंद असल्याचे सहखेळाडूला सहज दिसते, एवढे पाहून घ्यावे. नुसते हौसेने खेळणाऱ्याला, विशेषतः खारघरसारख्या डोंगरकुशीतल्या मैदानावर, चढाचा हिशेब उपकारक ठरतो. एरवी जितके यार्ड चढण तितके यार्ड अंतर वाढवावे हा ढोबळ आडाखा मनातल्या मनातही करता येतो.

उंचीचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो फारच थोडी घड्याळे लक्षात घेतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरांवर आहे. तेथील हवा चेंबूरच्या हवेपेक्षा विरळ, म्हणून तोच टोला पुण्यात सुमारे दोन टक्के लांब जातो. दीडशे यार्डांत हा फरक तीन यार्डांचा होतो. मुंबईची दमट हवा जड असते व तीत चेंडू अडतो, असे पुष्कळ खेळाडू शपथेवर सांगतात. वस्तुतः पाण्याची वाफ कोरड्या हवेहून हलकी असल्याने दमट हवा किंचित हलकीच असते, आणि जड वाटते ती खेळाडूची अंगातील बंडी.

घड्याळाच्या देहाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. अठरा होलांना चार ते पाच तास लागतात; जीपीएस चालू ठेवून किमान दहा तास चालणारी बॅटरी घ्यावी, कारण बॅटरी जुनी होत जाते आणि वैशाखातले ऊन तिचे वय अधिकच वाढवते. पडदा दुकानातील दिव्याखाली पाहू नये, दाराबाहेर उन्हात नेऊन पाहावा. काही पडदे उन्हात अधिक स्पष्ट होतात, काही खोलीत झळकतात आणि उन्हात तेवढ्यासाठी बॅटरी खातात. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या हातात मोजा असतो व बहुतेकांचे घड्याळही त्याच मनगटावर. तेव्हा घामेजल्या बोटालाही ओळखणारे बटण केवळ स्पर्शाच्या पडद्याहून बरे. मनगट वळवताना मुळाशी टोचते की काय हे दुकानातच काठी फिरवल्यासारखे करून पाहावे. लोक पाहतील, पाहू द्यावे. यार्ड आणि मीटर या दोन्ही मापांची सोय असावी, कारण आपली मैदाने यार्डांत बोलतात आणि परदेशातून मुलाने पाठवलेले घड्याळ पुष्कळदा मीटरांवर लावलेले येते. तसे आलेले घड्याळ येथे बिघडल्यास हमीपत्र चालेल की नाही, हाही प्रश्न भेट स्वीकारण्यापूर्वी विचारणे असभ्य वाटले तरी सोयीचे असते.

घोडेगावच्या बाजारात बैलाची शिंगे रंगवलेली असतात, गळ्यात घुंगरमाळ असते, पाठीवर झूल असते. जाणता शेतकरी ते सारे पाहून घेतो, आणि मग जबडा उघडून दात मोजतो व जनावर दहा पावले चालवून बघतो. हृदयाचे ठोके, झोपेचे तास, संदेश, पाकीट न काढता पैसे देण्याची कळ ही या घड्याळांची घुंगरमाळ आहे. चालवून बघण्याची रीत येथेही आहे, आणि ती सोपी आहे. खेळणाऱ्या मित्राकडून ते घड्याळ एका सकाळपुरते मागून घ्यावे, किंवा विक्रेत्याकडे परत करण्याची मुदत लेखी घेऊन आपलेच घेऊन जावे. पहिल्या टी-वर जाण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे ते उघड्यावर चालू ठेवावे. उपग्रह आपली माहिती सेकंदाला अवघ्या 50 बिटांच्या संथ गतीने सांगतो, स्वतःच्या कक्षेचा तपशील सांगावयास त्याला अर्धा मिनिट व साऱ्या उपग्रहांची जंत्री सांगावयास साडेबारा मिनिटे लागतात, आणि मोबाइलशी जोडून ती जंत्री आधीच उतरवून घेतली नसेल तर पहिल्या होलवर घड्याळ चाचपडते. नंतर फेअरवेवरची दीडशे यार्डांची खूण गाठावी. ती कोठे दांडीच्या रूपाने, कोठे जमिनीत बसवलेल्या चकतीच्या रूपाने असते. तिच्यावर पाऊल ठेवून क्षणभर स्वस्थ उभे राहावे आणि मधला आकडा पाहावा. 145 ते 155 च्या दरम्यान असेल तर घड्याळ आणि नकाशा दोन्ही निर्दोष समजावेत. दोन-तीन होलांवर जुळले आणि एकाच होलवर वीस यार्डांनी हुकले, तर उपग्रहांना दोष न देता त्या होलचा नकाशा जुना आहे असे धरावे व कंपनीस तसे कळवावे. सर्वच होलांवर एकाच बाजूने बारा-पंधरा यार्डांनी हुकत असेल, तर मात्र तक्रार करण्याआधी कॅडीला विचारावे. त्या मैदानाच्या खुणा ग्रीनच्या मध्यापर्यंत मोजलेल्या नसून पुढच्या कडेपर्यंत मोजलेल्या असण्याचा संभव असतो, आणि ही चाल मैदानामैदानागणिक निराळी असते.